उभयलिंगी, अर्धनारीश्वर, जोगप्पा : एकाच शब्दात कोंबलेल्या तीन वेगळ्या गोष्टी

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

बेळगाव तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २९ वर्षे जीवशास्त्र शिकवले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नववीच्या वर्गात गांडुळाचा भाग चालू असताना मी फळ्यावर ‘उभयलिंगी प्राणी’ असे लिहिले आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “म्हंजे आमच्या गल्लीत जोगप्पा येतोय तसं, सर?” वर्ग हसला. मी “शांत बसा” एवढेच म्हणालो आणि पुढच्या आकृतीकडे वळलो. तो मुलगा चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटले होते, आणि तसे वाटावे अशी सोय आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर मी आज येथे लिहीत आहे. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

‘उभयलिंगी’ हा शब्द आपण जास्वंदाला लावतो, गांडुळाला लावतो, जन्मतः लिंगरचना वेगळी असलेल्या बाळाला लावतो आणि अलीकडे स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीलाही लावतो. साडी नेसून यल्लम्मा देवीचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) डोक्यावर घेणाऱ्या जोगप्पांनाही काही जण तोच शब्द चिकटवतात. माझे म्हणणे असे आहे की शरीराची घडण, उपासनेतील प्रतीक आणि माणसाची स्वतःविषयीची जाणीव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातील एकीचा पुरावा दुसरीसाठी वापरला की कुणावर तरी अन्याय होतो.

आधी माझ्या विषयापासून सुरुवात करतो. जास्वंदाचे फूल हातात घेतले की मधोमध एक लांब दांडी पुढे आलेली दिसते. ती पुंकेसरांची जुळून झालेली नळी असते आणि तिच्यावर पिवळे परागकोश दाटीने बसलेले असतात. त्याच नळीच्या आतून कुक्षीवृंत वर येतो आणि टोकाला पाच मखमली टिकल्या दिसतात, त्या कुक्षी. पुमंग (नर भाग) आणि जायांग (मादी भाग) एकाच फुलात, तेही एक दुसऱ्याच्या पोटातून वर आलेले. मुलांना हे फूल उभे चिरून दाखवले की ‘उभयलिंगी’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गांडुळाच्या शरीरात वृषण आणि अंडाशय दोन्ही असतात, परंतु म्हणून तो एकटा पुरेसा नसतो. दोन गांडुळे एकमेकांना शुक्रपेशी देतात आणि दोघेही आपापले कोश टाकतात. मुले नेहमी येथे चकित होतात, कारण ‘दोन्ही आहे’ म्हणजे ‘कुणाची गरज नाही’ असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

पपईचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते, कारण आपल्याकडील शेतकऱ्याला ते पुस्तकाशिवाय ठाऊक असते. नर झाडाला लांब, लोंबत्या देठांवर फुलांचे घोस येतात. मादी झाडाचे फूल मोठे आणि खोडाशी चिकटलेले असते आणि फळ गोलसर धरते. तिसरे झाड उभयलिंगी असते. त्याचे फळ लांबट असते आणि बाजारात तेच अधिक खपते. कुर्ग हनी ड्यू ही कर्नाटकातच निघालेली जात घेतली, तर तिच्यात नर झाड नसतेच, मादी आणि उभयलिंगी एवढी दोनच. यापुढची गोष्ट अशी की कडक उन्हाळ्यात याच उभयलिंगी झाडाच्या फुलांतील जायांग खुरटते आणि फूल नराप्रमाणे वांझ गळून जाते, तर थंडीत पुंकेसर जायांगाला चिकटून वाढतात आणि फळ वेडेवाकडे होते. झाड तेच असते आणि जागाही तीच असते, फक्त ऋतू बदलतो. विदूषक माशांमध्ये तर गटातील एकुलती एक मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो. ही सारी निसर्गाची रीतसर चालणारी व्यवस्था आहे, तिच्यात बिघाड असा काही नाही.

माणसाचे तसे नाही. माणसाचे शरीर गांडुळाप्रमाणे दोन्ही भूमिका पार पाडत नाही. मात्र सुरुवात सर्वांची एकाच जागेवरून होते. साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत गर्भातील जननग्रंथी ना अंडाशय असते ना वृषण, आणि तिच्याजवळ दोन्ही प्रकारच्या नलिकांच्या जोड्या तयार असतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय नावाचे जनुक जागे झाले की ग्रंथी वृषणाच्या वाटेने जाते. हे जनुक लंडनच्या संशोधकांनी १९९० साली ओळखले. पुढे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके दोन्ही प्रकारच्या शरीरांत आयुष्यभर राहतात, फक्त त्यांचे प्रमाण वेगळे असते. या लांब वाटेवर कोठेही फाटा फुटू शकतो आणि तसा फुटलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांना इंग्रजीत इंटरसेक्स म्हणतात. मराठीत ‘आंतरलिंगी’ हा शब्द रुळू लागला आहे आणि मी तोच वापरतो.

आता बदामी. बेळगावहून शाळेची सहल हमखास तेथे जाते. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज पाहून मुले हात मोजत बसतात आणि त्याच लेण्यातील अर्धनारीश्वराकडे फार कुणी थांबत नाही. उजवे अंग शिवाचे, डावे पार्वतीचे. शेजारी हाडांचा नुसता सापळा होऊन उभा असलेला भृंगी आहे. या ऋषीने हट्टाने एकट्या शिवालाच प्रदक्षिणा घातली, देवीला वगळले, आणि त्यामुळे त्याच्या देहातील रक्तमांस गेले अशी कथा आहे. सहाव्या शतकातील चालुक्यांच्या कारागिराला हे प्रतीक कशासाठी आहे ते नेमके कळले होते असे त्या सापळ्याकडे पाहताना मला वाटते. त्यात देवाचे शारीरिक वर्णन नाही. एका तत्त्वाला मानून दुसऱ्याला नाकारणाऱ्याचे काय होते, ते तेथे दगडात दाखवले आहे.

आणि तिसरी गोष्ट, आपल्या दारात येणारी. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा ही बेळगाव जिल्ह्यातील देवी. निपाणी, कोल्हापूर, सांगलीकडून पौष-माघातील पुनवांना लोटणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिच्या सेवेतील जोगप्पा पुरुषदेहाने जन्मतात आणि पुढे साडी, बांगड्या, भंडारा आणि गळ्यात मोत्यांची माळ असे स्त्रीरूपाने वावरतात. ते हिजडा समाजाचा भाग नाहीत. त्यांच्यात लिंगच्छेदाचा विधी साधारणपणे नसतो आणि पुष्कळ जण गावातच, कधी स्वतःच्या घरच्यांबरोबर राहतात. त्यांचे शरीर बहुधा आंतरलिंगी नसते, म्हणून माझ्या विद्यार्थ्याने त्यांना गांडुळाशेजारी बसवले ते जीवशास्त्राच्या दृष्टीनेही चूक होते. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच आहे असे म्हटले, आणि त्या निकालात जोगप्पांचा नावानिशी उल्लेख केला. म्हणजे न्यायालयाला जो फरक कळला तो वर्गात समजावण्याचे काम माझे होते आणि मी ते टाळले.

आपापल्या क्षेत्रात आपण कोणते शब्द वापरता, आणि ते वापरताना कोठे अडखळता, हे लिहावे ही विनंती.

नवजात

सर, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे रुग्ण माझ्याकडे येतात. आपण जेथे ‘फाटा’ म्हटले आहे तेथे थोडे थांबतो, कारण या चर्चेत शब्दांच्या घोळामुळे जीव जाऊ शकतो अशी जागा तीच आहे.

बाळ जन्मले आणि सुईण किंवा परिचारिका गप्प झाली की घरातील मंडळी आधी हेच विचारतात, “काय झालं, सांगा की.” लिंग पाहून स्पष्ट सांगता येत नाही अशा बाळांत एक मोठा गट मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील एका विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात कमतरतेचा असतो. गुणसूत्रे एक्सएक्स, आत गर्भाशय आणि अंडाशय व्यवस्थित, परंतु पुरुषी संप्रेरके अधिक झाल्याने बाहेरून वेगळे दिसते. यातील पुष्कळ बाळांच्या शरीरातून मीठ वाहून जाते. पहिल्या एक ते तीन आठवड्यांत बाळ दूध पिईनासे होते, ओकते, गळून जाते. वेळेत हायड्रोकॉर्टिसोन आणि मीठ दिले तर ते पुढे इतर मुलांसारखेच वाढते आणि दिले नाही तर दगावते. घरचे लोक मात्र लाजेपोटी बाळाला झाकून ठेवतात, कुठे देवऋषाकडे नेतात, आणि ते तीन आठवडे निघून जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा प्रकार अगदी उलट आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, उंच, निरोगी, पाळी आलेली नाही म्हणून आई घेऊन येते. तपासणीत गुणसूत्रे एक्सवाय निघतात, पोटात वृषण असतात, परंतु शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नाही, त्यामुळे बाहेरून देह पूर्ण स्त्रीचा घडलेला असतो. ती मुलगी मुलगीच असते. तिला आणि तिच्या आईला गुणसूत्रांचा कागद कसा वाचून दाखवायचा, हे कौशल्य आम्हाला पुस्तकात कुणी शिकवले नाही.

उपचार जीव वाचवण्यासाठी आहेत की दिसणे ‘नीट’ करण्यासाठी, हा भेद महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आंतरलिंगी बाळांवर निव्वळ लिंग ठरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना मनाई करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने जीवावर बेतलेले प्रसंग वगळून तशी बंदी घातली. तो नियम आपल्याकडे यावा असे मला मनापासून वाटते, कारण दोन महिन्यांच्या बाळाला विचारता येत नाही आणि केलेला छेद परत जोडता येत नाही.

सडेतोड

एक प्रामाणिक शंका. शुक्रपेशी आणि अंडपेशी, बीजपेशी दोनच प्रकारच्या आहेत. तिसरी नाही. मग लिंगे दोनच, हे विज्ञान नाही का?

मलप्रभाकाठ

बीजपेशी दोनच, हे बरोबर आहे आणि मी वर्गात तसेच शिकवले. परंतु बीजपेशी किती प्रकारच्या आहेत हा एक प्रश्न झाला. त्या तयार करणारे किंवा न करणारे शरीर कसे घडले हा दुसरा, आणि त्या शरीरात राहणाऱ्या माणसाला आपण कोण आहोत असे वाटते हा तिसरा. वरील डॉक्टरांच्या सतरा वर्षांच्या मुलीला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकवून तिच्या कुठल्याच अडचणीचे उत्तर मिळत नाही.

हरिपाठी

धागाकर्त्यांच्या बहुतेक विधानांशी मी सहमत आहे, तरी एका ठिकाणी ते फार कडक झाले आहेत असे मला वाटते. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे आणि मी स्वतः खानापूर भागात कीर्तन करतो.

ज्ञानेश्वर महाराजांनी अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात देव आणि देवी यांना जगाचे आईबाप म्हणून वंदन केले आहे आणि पुढे ओवीमागून ओवी त्यांचे दोनपण कसे नावापुरतेच उरते ते दाखवले आहे. अर्धनारीश्वराकडे पाहून ‘अर्धा बाप्या, अर्धी बाई’ असा हिशेब करणारा माणूस ते प्रकरण वाचून गप्प होईल, कारण तेथे अर्धे असे काही नाहीच. दोन्ही पूर्ण आहेत आणि दोन्ही मिळून एकच आहेत. आम्ही वारकरी विटेवरच्या देवाला ‘विठाई’ म्हणतो, ज्ञानोबांना ‘माउली’ म्हणतो, आणि मिशा पिळणारे शेतकरी एकमेकांच्या पाया पडताना ‘माउली’ म्हणतात. त्यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नाही. कानडी वचनांतही हा विचार आहे. दासिमय्या या शिवभक्त संताचे एक वचन आपल्या भागातील मठांत नेहमी ऐकू येते. स्तन आणि केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढीमिशा दिसल्या की बाप्या म्हणतात, पण मधे वावरणारा आत्मा बाईही नाही आणि बाप्याही नाही, असा त्याचा आशय आहे.

धागाकर्ते म्हणतात की प्रतीक आणि माणूस वेगळे ठेवावेत. जीवशास्त्राच्या वर्गात ते ठीक आहे. पण जोगप्पा स्वतः ते वेगळे ठेवत नाहीत. त्यांच्यात रेणुकेची, म्हणजेच यल्लम्माची, कथा अशी सांगितली जाते की आईचा वध करण्यास नकार देणाऱ्या मुलांना जमदग्नीने पुरुषत्व जाण्याचा शाप दिला आणि तीच परंपरा आपली. आईवर शस्त्र उगारले नाही म्हणून आपण असे आहोत, हा अर्थ ज्याने आपल्या आयुष्याला दिला आहे त्याच्याकडून तो काढून घेऊन हातात वैद्यकीय शब्द द्यावा, हे मला पटत नाही.

लोंढा जंक्शन

मी भाषाशास्त्राची पदवीधर आहे आणि माझ्या घरी दोन भाषा आहेत, वडिलांची मराठी आणि आईची कन्नड. या प्रश्नात आपल्या सीमाभागाला एक गोष्ट मिळालेली आहे, जी पुण्या-मुंबईच्या मराठीला नाही, आणि ती कुणी नोंदवलेली दिसली नाही म्हणून लिहिते.

मराठीत माणसाने तोंड उघडले की त्याचे लिंग कळते. ‘मी जातो’, ‘मी जाते’. आपण स्वतःविषयी बोलताना दर वाक्यात एकदा तरी जाहीर करतो की आपण बाई आहोत की पुरुष. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ म्हणणारा कोण आहे ते वाक्यावरून कळत नाही. तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना ‘अवनु’ आणि ‘अवळु’ असा भेद होतो, परंतु आदराने ‘अवरु’ म्हटले की तोही मिटतो. माझी आई दारात येणाऱ्या जोगप्पांविषयी नेहमी ‘अवरु बंदरु’ म्हणते आणि अडखळत नाही. बाबांना मात्र मराठीत सांगायचे झाले की ‘तो आला’ म्हणावे की ‘ती आली’ म्हणावे, येथे अडतात आणि शेवटी ‘जोगप्पा आलेत’ यावर वाक्य संपवतात.

पण आपल्या बोलीचे पाहा. बेळगाव, चंदगड, कोल्हापूरकडील आपल्या आज्या ‘मी येतो गं’, ‘मी जेवलो’ असे बोलत आल्या आहेत. शाळेत गेल्यावर बाईंनी आमच्या तोंडातून ते काढले, मुलींनी ‘मी येते’ म्हणावे म्हणून वहीत दहादा लिहायला लावले. आज मला वाटते की शुद्ध भाषेच्या नावाखाली आमच्याकडून एक मोकळी जागा काढून घेतली गेली. आजी ‘येतो’ म्हणायची म्हणून तिचे बाईपण कमी झाले नव्हते.

कोड

मी देवदासी पुनर्वसनाच्या कामात बरीच वर्षे आहे, तेव्हा हरिपाठी यांच्या प्रतिसादाला जोडून, आणि थोडे त्याच्या विरोधातही, लिहिणे भाग आहे.

परंपरेने जोगप्पांना मान दिला, हे अर्धे खरे आहे. मंगळवार-शुक्रवारी सुवासिनी त्यांच्या पाया पडतात, ओटी भरतात, परडीत पीठमीठ घालतात. त्याच घरात त्यांना भाड्याने खोली मिळत नाही. एखाद्या मुलाचे चालणे-बोलणे बायकी वाटले किंवा केसांत जट झाली की ‘आईनं धरलंय’ असे घरचे म्हणतात आणि मोती बांधण्यासाठी, म्हणजे देवीला वाहण्यासाठी, डोंगरावर नेतात. काही मुलांसाठी ती सुटका असते, कारण एरवी त्याला मारहाण झाली असती. इतरांसाठी ती सक्ती असते, कारण शाळा तेथेच संपते. ही मुले बहुतेक दलित आणि गरीब घरांतील असतात, ज्या घरांना जोगवा मागून पोट भरणे माहीत आहे. कर्नाटकाने देवदासी समर्पणबंदीचा कायदा १९८२ मध्ये केला, पण त्यातील व्याख्या स्त्रीपुरती होती. म्हणून त्या कायद्यात मुलगी वाहिली तर गुन्हा होई आणि मुलगा वाहिला तर तो कायदा लागू होत नसे. आम्ही कार्यकर्तेही पुष्कळ काळ जोगतिणींसाठी (देवीला वाहिलेल्या स्त्रियांसाठी) लढलो आणि जोगप्पांना आमच्या यादीत घेतले नाही. ही आमची चूक होती आणि ती मी येथे मान्य करते.

त्याच वेळी कलेने काय होऊ शकते तेही पाहिले आहे. डोक्यावर पितळी कोड (घागर) तोलून जोगती नृत्य करणाऱ्या बळ्ळारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान घेताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य आमच्या कार्यालयातील सर्वांनी उभे राहून पाहिले. त्याच वर्षी कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी १ टक्का आरक्षण ठेवले. मात्र शाळा सुटलेल्या जोगप्पाला त्या टक्क्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न माझ्यासमोर रोज असतो.

अधलामधला

मी बेळगावचा नव्हे, बेळगावची नव्हे, बेळगावकर आहे. वय २४. लोंढा जंक्शन यांचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काहीच करू शकलो नाही, म्हणून दोन दिवसांनी लिहीत आहे.

माझे शरीर आंतरलिंगी नाही, तपासण्या झाल्या आहेत. मी जोगप्पा नाही, मला देवीची हाक आलेली नाही. मला ना पुरुष म्हणवून घ्यावेसे वाटते ना स्त्री. केस कापून घेतले, सैल सदरा घातला म्हणून मी असा नाही. पेहरावाने उभयरूपी दिसणारे पुष्कळ लोक मनाने निखळ पुरुष किंवा निखळ स्त्री असतात, आणि माझ्यासारखे काही जण पेहरावाने अगदी साधे असतात. यात आणखी एक पदर आहे, तो स्वभावाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये ६० गुणांची एक प्रश्नावली केली. २० पुरुषी समजले जाणारे गुण, २० बायकी समजले जाणारे आणि २० तटस्थ. ठामपणा आणि मायाळूपणा एकाच माणसात भरपूर असू शकतात, ते एका काट्याची दोन टोके नाहीत, हे त्यातून पुढे आले. माझी आई तशी आहे. ट्रॅक्टर चालवते, ग्रामपंचायतीत भांडते आणि वासराला हाताने दूध पाजते. पण ती स्त्री आहे आणि तिला त्याबद्दल काडीची शंका नाही. म्हणजे स्वभाव वेगळा, रूप वेगळे, ओळख वेगळी.

२०१९ साली झालेल्या तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, आंतरलिंगी, जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारे), किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता हे सर्व एकाच वाक्यात घातले होते. संरक्षण सर्वांना मिळावे हा हेतू चांगला होता. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या बाळाची गरज आणि माझी गरज यांत काहीच साम्य नाही. धागाकर्त्यांच्या वर्गात जे झाले तेच कायद्याच्या मसुद्यातही झाले.

आणि भाषेविषयी. मी घरी ‘मी येतो’ म्हणतो. आमच्या गल्लीत ते कुणाच्या कानाला लागत नाही, कारण माझी आजीही तसेच म्हणायची. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मला विचारले गेले की तू नेमका काय आहेस. माझ्या गावच्या बोलीने मला अठरा वर्षे सांभाळले हे मला तेथे गेल्यावर कळले.

नवजात

‘अधलामधला’ यांचे म्हणणे वैद्यकाच्या बाजूने पक्के करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात लिंगओळखीची विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. म्हणजे त्यांची ओळख हा आजार नाही. अधिवृक्क ग्रंथीचा विकार मात्र आजार आहे आणि त्याला रोज औषध लागते. हे दोन कागद एकाच फाइलमध्ये लावू नयेत, एवढेच मी माझ्या हाताखालील मुलांना सांगत असतो.

मलप्रभाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. हरिपाठी यांचा आक्षेप मला मान्य आहे. जोगप्पा स्वतः आपल्या आयुष्याला जो अर्थ देतात तो त्यांचाच आहे, तो मी बाहेरून काढून घेऊ शकत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तो अर्थ देण्याचा हक्क त्यांचा आहे, आपला नाही. आणि कोड यांनी लिहिल्याप्रमाणे, तो अर्थ एखाद्या आठ वर्षांच्या मुलावर बळेच लादण्याचा हक्क कुणाचाच नाही. लोंढा जंक्शन यांनी ‘येतो’ विषयी लिहिले त्याने मला खजील केले, कारण वहीत दहादा लिहायला लावणाऱ्यांत मीही होतो.

माझ्या गल्लीत ज्या जोगप्पा येतात त्यांना मी ३२ वर्षे पाहतो आहे. त्यांना मी काय म्हणावे, हे मी कधी विचारले नव्हते. शुक्रवारी विचारेन.

मलप्रभाकाठ

विचारले. त्या आल्या तेव्हा चौंडके वाजवायला दुसऱ्या जोगतीण होत्या. त्यांनी आधी जग उतरवून पाटावर ठेवला, घाम पुसला, पत्नीने दिलेले ताक प्यायल्या आणि माझा प्रश्न ऐकून थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “डोस्क्यावर जग हाय तवर आई म्हना. तवा मी न्हवं, ती चालती. जग खाली ठेवला की मला नाव हाय की, सर.”

त्यांनी नाव सांगितले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकले. येथे लिहीत नाही, कारण लिहू का, हे विचारायचे राहून गेले.